ध्वनिक्षेपक चाचणी

ध्वनिक्षेपक चाचणी (बोलीभाषेत माइक टेस्टिंग किंवा माइक चेक) म्हणजे भाषण, गायन, वादन, नाट्यप्रयोग, प्रसारण अथवा ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वी ध्वनिक्षेपक आणि त्याला जोडलेली यंत्रणा अपेक्षेप्रमाणे काम करीत आहे की नाही, हे तपासण्याची प्रक्रिया होय. महाराष्ट्रातील सभा, गणेशोत्सवाचे मंडप, शाळांची स्नेहसंमेलने आणि नाट्यगृहे यांतून ऐकू येणारे ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, वन, टू, थ्री’ हे शब्द या प्रक्रियेचे सर्वांत परिचित रूप आहे.

परिपूर्ण चाचणीतून तीन प्रश्नांची उत्तरे मिळावी लागतात : ध्वनिसंकेत यंत्रणेपर्यंत पोहोचतो का, तो योग्य पातळीवर पोहोचतो का, आणि त्याच्याबरोबर नको असलेले काही पोहोचते का. रूढ पद्धतीने अंक मोजल्यास बहुधा पहिल्याच प्रश्नाचे उत्तर मिळते. सभेत उरलेल्या दोन बाबी कार्यक्रम चालू असताना सुधारता येतात. ध्वनिमुद्रणात मात्र चाचणीत राहिलेला दोष मुद्रणाचा कायमचा भाग होतो. संगणकावरील ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअर सर्वत्र उपलब्ध झाल्यानंतरही ही मर्यादा संपलेली नाही.

## संज्ञा

‘मायक्रोफोन’ हा शब्द ग्रीक भाषेतील ‘लहान’ आणि ‘ध्वनी’ या अर्थाच्या दोन शब्दांपासून बनला आहे. मराठीत त्यासाठी ध्वनिक्षेपक ही संज्ञा प्रचलित असून बोलण्यात ‘माइक’ हाच शब्द वापरला जातो. ध्वनिक्षेपक हा शब्द काही ठिकाणी कर्ण्यासाठी, म्हणजे लाऊडस्पीकरसाठीही योजला जातो. या लेखात ध्वनिक्षेपक म्हणजे आवाज ग्रहण करून त्याचे विद्युत संकेतात रूपांतर करणारे उपकरण आणि कर्णा म्हणजे विद्युत संकेताचे पुन्हा आवाजात रूपांतर करणारे उपकरण, असा भेद पाळला आहे.

केवळ ध्वनिक्षेपकाची तपासणी आणि संपूर्ण कार्यक्रमाच्या ध्वनियोजनेची तपासणी यांतही फरक केला जातो. दुसऱ्या प्रकाराला व्यावसायिक परिभाषेत ‘साउंड चेक’ म्हणतात. तीत सर्व गायक, वादक, कर्णे आणि कलाकारांसमोर ठेवलेले मॉनिटर यांचा एकत्रित विचार होतो.

## इतिहास

### ध्वनिक्षेपकापूर्वीचा काळ

आवाज मुद्रित करून तो पुन्हा ऐकवण्याची पहिली यशस्वी चाचणी थॉमस एडिसन यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफवर केली. तीत त्यांनी एका इंग्रजी बालगीताच्या ओळी म्हटल्या होत्या. पुढील सुमारे पाच दशके ध्वनिमुद्रण पूर्णतः यांत्रिक होते. गायक एका मोठ्या भोंग्यात गात असे आणि त्या आवाजाच्या दाबाने हलणारी सुई मेणाच्या तबकडीवर खाचा कोरीत असे. आवाज कमी-जास्त करण्याची कोणतीही कळ उपलब्ध नसल्यामुळे गायकाला भोंग्याजवळ आणणे किंवा मागे सरकवणे हाच पातळी साधण्याचा उपाय होता. मेणाची मूळ तबकडी वाजवून पाहिली की तिच्या खाचा खराब होत. त्यामुळे चाचणीसाठी एक तबकडी खर्ची घालावी लागे.

ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग यांनी १९०२ मध्ये कोलकाता येथे केलेले मुद्रण हे भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणाच्या आरंभीचे मानले जाते. त्या काळातील गायिका गौहर जान आपल्या ध्वनिमुद्रिकांच्या अखेरीस स्वतःचे नाव इंग्रजीतून सांगत. तबकड्या जर्मनीत छापल्या जात असल्यामुळे मुद्रण कोणाचे आहे, हे तेथील तंत्रज्ञांना कळावे, हा या घोषणेचा एक उपयोग होता.

मराठी संगीत रंगभूमीचा बहराचा काळही ध्वनिक्षेपकाविना गेला. नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणे ही त्याच्या गळ्याची आणि नाट्यगृहाच्या रचनेची परीक्षा असे, यंत्राची नव्हे.

### विद्युत ध्वनिमुद्रण आणि बोलपट

डेव्हिड एडवर्ड ह्यूज यांनी १८७८ मध्ये कार्बन ध्वनिक्षेपक जाहीर केला. ई. सी. वेंट यांनी १९१६ मध्ये संधारित्रावर आधारलेला, म्हणजे कंडेन्सर प्रकारचा ध्वनिक्षेपक विकसित केला. १९२५ मध्ये अमेरिकेतील प्रमुख कंपन्यांनी विद्युत ध्वनिमुद्रण स्वीकारले आणि भोंग्याची जागा ध्वनिक्षेपकाने घेतली. १९२७ मध्ये मुंबई येथे इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे नभोवाणी केंद्र सुरू झाले.

बोलपटांमुळे परिसराच्या आवाजाचा प्रश्न पुढे आला. मुंबईत निर्माण झालेल्या ‘आलम आरा’ (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटाच्या वेळी संवाद चित्रीकरणाबरोबरच मुद्रित होत. स्टुडिओजवळून आगगाड्या जात असल्याने बरेचसे चित्रीकरण रात्री उशिरा करावे लागले. ध्वनिक्षेपकाला हवा असलेला आणि नको असलेला आवाज यांत भेद करता येत नाही, ही गोष्ट या उदाहरणातून स्पष्ट होते.

### पातळीमापक

ध्वनिसंकेताची पातळी डोळ्यांनी पाहता यावी, यासाठी अमेरिकेत बेल प्रयोगशाळा आणि एनबीसी व सीबीएस या प्रसारण संस्था यांनी मिळून तयार केलेला ‘व्हीयू’ मापक १९३९ मध्ये प्रमाणित झाला. त्याचा काटा स्थिर संकेताच्या पातळीपर्यंत पोहोचण्यास सुमारे ३०० मिलिसेकंद घेतो. मानवी कानाला जाणवणाऱ्या आवाजाच्या मोठेपणाशी त्याची हालचाल बऱ्यापैकी जुळते, परंतु क्षणिक आघात तो दाखवू शकत नाही. तबल्याच्या चाटीवरचा बोल काटा वर जाण्यापूर्वीच संपतो आणि प्रत्यक्षात मापकावर दिसते त्यापेक्षा बरीच उंच पातळी गाठून गेलेला असतो. संगणकीय ध्वनिमुद्रणात यामुळे शिखरमापक, म्हणजे क्षणिक कमाल पातळी दाखवणारा मापक वापरला जातो.

## रूढ सवयी आणि त्यांच्या मर्यादा

### टिचकी आणि फुंकर

ध्वनिक्षेपक चालू आहे का, हे पाहण्यासाठी त्याच्या जाळीवर टिचकी किंवा थाप मारणे आणि त्यात फुंकर घालणे या दोन सवयी सर्वत्र आढळतात. दोन्हींतून ‘संकेत येतो’ एवढेच कळते. थापेमुळे निर्माण होणारा धक्का बोलण्याच्या पातळीपेक्षा कितीतरी मोठा असतो. त्या वेळी आवाजाची कळ वर असल्यास कर्ण्याच्या पडद्यास इजा होऊ शकते. फुंकर ही विशेषतः रिबन प्रकारच्या ध्वनिक्षेपकास घातक ठरते. त्यातील ॲल्युमिनियमची पट्टी काही मायक्रोमीटर जाडीची असते आणि हवेच्या झोताने ती ताणली किंवा फाटली जाते.

### अंक मोजणे

अंक मोजण्याचा फायदा असा, की बोलणाऱ्याला काय बोलावे याचा विचार करावा लागत नाही. तोटाही त्यातच आहे. मोजणारा एकसुरी आणि सावकाश बोलतो. प्रत्यक्ष भाषणातील किंवा गायनातील चढउतार त्यात नसतात.

वर्णांच्या दृष्टीनेही ही परीक्षा अपुरी आहे. ध्वनिक्षेपकासाठी दोन प्रकारचे वर्ण त्रासदायक असतात. प, फ, ब, भ हे ओठ मिटून उघडताना उच्चारले जाणारे वर्ण हवेचा झोत बाहेर टाकतात आणि तो झोत पडद्यावर आदळून ‘धप्’ असा आवाज होतो. स, श, ष आणि काही अंशी च, छ या वर्णांतील सीत्कार उच्च कंप्रतेचा असतो आणि तो कानाला टोचू शकतो. ‘हॅलो, माइक टेस्टिंग, वन, टू, थ्री’ या शब्दांत पहिल्या गटातील एकही वर्ण नाही आणि ‘स’ एकदाच येतो. त्या तुलनेत एकपासून दहापर्यंतचे मराठी अंक अधिक उपयोगी ठरतात. ‘पाच’मध्ये प, ‘चार’ व ‘पाच’मध्ये च आणि ‘सहा’ व ‘सात’मध्ये स येतो. मात्र चाचणी तीनवर थांबवण्याच्या सवयीमुळे हा लाभ मिळत नाही. ‘कच्चा पापड, पक्का पापड’ हा जिभेला वळण देणारा खेळ, किंवा ज्या मजकुराचे वाचन व्हायचे आहे त्यातील एखादा परिच्छेद, यांतून अधिक माहिती मिळते.

### दुसऱ्याच्या आवाजात चाचणी

सभा-समारंभांत चाचणी बहुधा ध्वनियंत्रणेचा कामगार किंवा एखादा कार्यकर्ता करतो आणि प्रत्यक्षात बोलणारी व्यक्ती वेगळी असते. दोघांच्या आवाजाचा जोर, उंची आणि ध्वनिक्षेपकापासून अंतर ठेवण्याची सवय यांत मोठा फरक असू शकतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की ध्वनीची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. ध्वनिक्षेपकापासून १५ सेंटिमीटरवरून बोलून चाचणी घेतली आणि वक्ता ६० सेंटिमीटरवर उभा राहिला, तर हा फरक १२ डेसिबलपर्यंत जातो. याखेरीज दिशानुवर्ती ध्वनिक्षेपकाजवळ तोंड नेल्यास आवाजातील खर्ज वाढतो. यास समीपता परिणाम म्हणतात. अंतर बदलले, की आवाजाचा पोतही बदलतो.

गायक स्वतः चाचणी देतो तेव्हा निराळी अडचण येते. तो गळा राखून हलकेच गुणगुणतो आणि मैफलीत तार सप्तकात मोकळ्या आवाजाने गातो. चाचणीच्या पातळीवर ठरवलेली मांडणी तेथे कोलमडते.

### शिट्टी आणि हाताने झाकणे

कर्ण्यातून निघालेला आवाज पुन्हा ध्वनिक्षेपकात शिरून वारंवार वाढत गेला, की कर्कश शिट्टी ऐकू येते. या घटनेस प्रतिभरण म्हणतात. डॅनिश पदार्थवैज्ञानिक सोरेन लार्सन यांच्या नावावरून ती ‘लार्सन परिणाम’ म्हणूनही ओळखली जाते. शिट्टी येताच ध्वनिक्षेपकाची जाळी मुठीत धरण्याची सवय अनेकांना असते. हृदयाकृती ग्रहणक्षेत्र असलेल्या ध्वनिक्षेपकात मागील बाजूचा आवाज टाळण्यासाठी जाळीच्या खालच्या भागात हवेच्या वाटा ठेवलेल्या असतात. त्या झाकल्या, की तो सर्व बाजूंचा आवाज ग्रहण करू लागतो आणि शिट्टी वाढते. ध्वनिक्षेपक कर्ण्याच्या मागे ठेवणे, बोलणाऱ्याच्या जवळ आणणे आणि पातळी उतरवणे हे योग्य उपाय होत.

रिकाम्या सभागृहात घेतलेली चाचणी ही केवळ तात्पुरती असते. प्रेक्षकांचे कपडे आणि शरीरे ध्वनी शोषून घेतात. त्यामुळे सभागृह भरल्यावर त्यातील निनाद कमी होतो आणि मांडणीत बदल करावा लागतो.

## संगणकीय ध्वनिमुद्रणातील चाचणी

### सॉफ्टवेअरचा विकास

ध्वनिमुद्रण, संपादन आणि मिश्रण एकाच ठिकाणी करणाऱ्या संगणकीय व्यवस्थेस ‘डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन’ म्हणतात. क्यूबेस हे सॉफ्टवेअर १९८९ मध्ये अटारी संगणकासाठी आले. त्या वेळी ते प्रामुख्याने इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या सूचना क्रमाने मांडण्याचे साधन होते. डिजिडिझाइन कंपनीचे प्रो टूल्स १९९१ मध्ये आले आणि व्यावसायिक स्टुडिओंत रुळले. कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅनेनबर्ग यांनी सुरू केलेले ऑडॅसिटी हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर २००० मध्ये लोकांसाठी खुले झाले. ॲपलचे गॅरेजबँड २००४ मध्ये आले. या साधनांमुळे पूर्वी स्टुडिओपुरते मर्यादित असलेले काम घर, शाळा आणि देवळाच्या ओवरीपर्यंत पोहोचले.

या बदलाचा एक परिणाम असा झाला, की चाचणीसाठी वेगळा ध्वनिमुद्रक उरला नाही. गाणारा, यंत्र लावणारा आणि पातळी पाहणारा बहुधा एकच असतो. सॉफ्टवेअर मुद्रणानंतरच्या दुरुस्तीची अनेक साधने पुरवत असल्यामुळे ‘नंतर बघता येईल’ अशी धारणा वाढली. प्रत्यक्षात काही दोष नंतर दुरुस्त होतात, तर काही होत नाहीत. हा भेद समजणे हा चाचणीचा गाभा आहे.

### पातळी आणि कापणी

संगणकीय ध्वनिमुद्रणात ध्वनिलहरीची उंची ठरावीक काळाने मोजून संख्यांत साठवली जाते. १६ बिटांच्या मुद्रणात ही संख्या −३२,७६८ ते ३२,७६७ या मर्यादेत असते. लहर या मर्यादेबाहेर गेली, तर तिचा माथा सपाट कापला जातो. यास कापणी किंवा क्लिपिंग म्हणतात. कापलेल्या भागात मूळ लहर कशी होती, याची नोंदच झालेली नसते. दुरुस्तीचे सॉफ्टवेअर आजूबाजूच्या आकारावरून तिचा अंदाज बांधते. मूळ स्वर परत मिळत नाही.

डिजिटल मापकावर शून्य डेसिबल ही कमाल मर्यादा असून इतर सर्व पातळ्या ऋण संख्यांनी दाखवल्या जातात. प्रत्येक बिटामागे सुमारे ६ डेसिबलचा आवाका मिळतो. त्यामुळे १६ बिटांत सुमारे ९६ आणि २४ बिटांत तत्त्वतः सुमारे १४४ डेसिबलचा आवाका असतो. २४ बिटांच्या मुद्रणात वर २० डेसिबलची मोकळी जागा सोडली, तरी १२४ डेसिबल उरतात आणि हा आकडा कोणत्याही घरगुती खोलीच्या शांततेस पुरून उरतो. यासाठी सर्वांत मोठ्या स्वराचे शिखर −१२ ते −६ डेसिबलच्या दरम्यान राहील, अशी मांडणी सामान्यतः सुचवली जाते.

### टेपच्या काळातील सवय

मापकाची पट्टी तांबड्या खुणेच्या शक्य तितकी जवळ ठेवण्याची सवय चुंबकीय टेपच्या काळातून आली आहे. टेपवर एक कायमचा खरखराट असे आणि आवाज हलका मुद्रित केल्यास तो खरखराटात बुडून जाई. शिवाय मर्यादा किंचित ओलांडली, तरी टेपवरील विकृती क्रमाक्रमाने वाढत असे आणि ती अनेकदा कानाला गोडही वाटे. त्या परिस्थितीत ही सवय योग्यच होती. डिजिटल मुद्रणात खरखराटाचे कारण उरलेले नाही आणि मर्यादेपलीकडची सौम्य उतरणही उरलेली नाही. तरीही पट्टी वर दिसली, की मुद्रण ‘भरीव’ झाले, असा समज कायम आहे.

### सरकपट्टीविषयीचा गैरसमज

सॉफ्टवेअरमधील प्रत्येक मार्गिकेला आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी असते. मुद्रण करताना आवाज फाटत असल्यास नवखे वापरकर्ते ती खाली ओढतात. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही पट्टी केवळ ऐकू येणाऱ्या आवाजावर परिणाम करते. मुद्रित होणारी पातळी त्यापूर्वीच, ध्वनिक्षेपक आणि संगणक यांना जोडणाऱ्या ऑडिओ इंटरफेसवरील गेनच्या कळीने ठरलेली असते. पट्टी खाली ओढल्यावर फाटलेला आवाज हलका ऐकू येतो, पण तो फाटलेलाच राहतो.

सॉफ्टवेअरमध्ये ३२ बिट फ्लोटिंग पॉइंट हा पर्याय निवडला असता आतील प्रक्रियांत कापणी होत नाही. परंतु विद्युत संकेताचे संख्यांत रूपांतर करणारा भाग आधीच मर्यादेबाहेर गेला असेल, तर या पर्यायाचा उपयोग नाही.

### नमुनादर

ध्वनिलहर एका सेकंदात किती वेळा मोजली जाते, त्या संख्येस नमुनादर म्हणतात. संगीताच्या सीडीसाठी तो ४४,१०० आणि चित्रफितींसाठी सामान्यतः ४८,००० असतो. बहुतेक सॉफ्टवेअर हा फरक आपोआप जुळवून घेते. परंतु उपकरण आणि प्रकल्प यांच्या नोंदींत तफावत राहिली आणि ४८,००० नमुनादराचे मुद्रण ४४,१०० ने वाजले, तर लय सुमारे ८ टक्क्यांनी मंदावते आणि स्वर जवळजवळ दीड पट्टीने उतरतो. काळी चारमध्ये गायलेले गीत काळी तीन आणि पांढरी पाच यांच्या दरम्यान कोठेतरी ऐकू येते. अंक मोजून घेतलेल्या चाचणीत ही चूक सहसा लक्षात येत नाही, कारण बोलण्याला ठरलेली पट्टी नसते. एखादा आलाप मुद्रित करून पेटीशी ताडून पाहिल्यास ती तत्काळ उघड होते.

### विलंब

संगणक ध्वनिसंकेत लहान गटांत हाताळतो. ४४,१०० नमुनादरास ५१२ नमुन्यांचा एक गट भरण्यास सुमारे ११.६ मिलिसेकंद लागतात, तर १२८ नमुन्यांच्या गटास सुमारे २.९ मिलिसेकंद. ध्वनी हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे ५१२ नमुन्यांच्या एका गटाचा विलंब हा गायकाने स्वतःचा आवाज सुमारे चार मीटरवरून ऐकण्यासारखा असतो. येण्याचा आणि जाण्याचा विलंब मिळून तो आणखी वाढतो. कानावर हेडफोन लावून गाणाऱ्याची लय यामुळे डळमळते. ही बाबही केवळ बोलून घेतलेल्या चाचणीत ध्यानात येत नाही. ठेक्याबरोबर गायल्यावरच ती कळते.

## हिंदुस्थानी संगीतातील चाचणी

हिंदुस्थानी संगीताच्या मैफलीत गायक किंवा वादक, तबला, संवादिनी आणि तानपुरे यांसाठी स्वतंत्र ध्वनिक्षेपक लावण्याची प्रथा आहे. या वाद्यांच्या आवाजाचे स्वरूप परस्परांहून फार भिन्न असते. तबल्याचा आघात तीव्र व क्षणिक, तर तानपुऱ्याचा झंकार मंद आणि अखंड असतो. तानपुऱ्याची पातळी कमी पडल्यास गायकाला आधार मिळत नाही आणि अधिक झाल्यास खर्जाची गुंज शिट्टीस निमंत्रण देते.

अशा मैफलीची उपयुक्त चाचणी तबला पट्टीत लावून झाल्यानंतर घेतली जाते, कारण लावण्यापूर्वीचा आवाज प्रत्यक्ष कार्यक्रमातील आवाज नसतो. गायकाने मंद्र, मध्य आणि तार अशा तिन्ही सप्तकांत थोडेसे गाणे, तबलजीने विलंबित ठेका आणि द्रुत लयीतील जोरकस तुकडा असे दोन्ही वाजवणे अपेक्षित असते. सर्वांत हलका आणि सर्वांत मोठा आवाज कळला, की त्यांमधील सर्व आवाजांची मांडणी करता येते.

## क्षेत्रीय ध्वनिमुद्रण

लोकगीते, बोली आणि मौखिक इतिहास यांच्या मुद्रणात चाचणीला विशेष महत्त्व असते. महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी खेडोपाडीच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या संकलित केल्या. या संग्रहातील ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक असून त्यांपैकी पुष्कळ ओव्या गायिकांच्या आवाजात मुद्रित आहेत. दळणाच्या गिरण्या आल्यानंतर जात्यावरील गाणे मागे पडले. त्यामुळे अशा मुद्रणांतील गळे आणि चाली पुन्हा मिळणे बहुधा शक्य नसते.

अशा प्रसंगी गाणाऱ्या व्यक्तीला ‘वन, टू, थ्री’ म्हणायला सांगणे निरुपयोगी ठरते. ती संकोचते आणि तिचा स्वाभाविक आवाज समोर येत नाही. गाव, माहेर, पीकपाणी यांविषयी सहज प्रश्न विचारून त्या बोलण्यावर पातळी ठरवणे आणि पहिली ओवी मोठ्या आवाजात येईल, हे गृहीत धरून जागा मोकळी ठेवणे ही अधिक योग्य पद्धत आहे. पंखा, पत्र्यावरचा पाऊस, भिंतीवरचे घड्याळ, जवळच ठेवलेला भ्रमणध्वनी यांचे आवाज कानाला सवयीने जाणवत नाहीत, परंतु मुद्रणात स्पष्ट उमटतात. यासाठी कोणी न बोलता अर्धा ते एक मिनिट मुद्रण करून ते हेडफोनवर ऐकले जाते. हा शांततेचा तुकडा पुढे संपादनातही उपयोगी पडतो.

## सर्वसाधारण क्रम

ध्वनिमुद्रणापूर्वीच्या चाचणीचा क्रम सामान्यतः पुढीलप्रमाणे असतो :

१. सर्व पातळ्या खाली ठेवून जोडण्या करणे. कंडेन्सर ध्वनिक्षेपक असल्यास त्यास लागणारा ४८ व्होल्टचा विद्युत पुरवठा सुरू करणे. बिनतारी ध्वनिक्षेपक असल्यास विद्युत घट नवे आहेत, याची खात्री करणे.

२. सॉफ्टवेअरमध्ये योग्य ध्वनिक्षेपक निवडला आहे का, हे पाहणे. अनेकदा बाहेरील ध्वनिक्षेपक जोडलेला असूनही मुद्रण संगणकातील अंगभूत ध्वनिक्षेपकावरून होत राहते. या एका तपासणीसाठी जाळीवर बोटाने हलकेच खाजवणे पुरेसे असते.

३. नमुनादर आणि बिटसंख्या तपासणे.

४. ज्याचे मुद्रण व्हायचे आहे, त्या व्यक्तीने तिच्या प्रत्यक्ष जागेवरून मजकुराचा किंवा गीताचा सर्वांत मोठा भाग सादर करणे व त्यानुसार गेन ठरवणे.

५. सर्वांत हलका भाग सादर करून तो स्पष्ट येतो का, हे ऐकणे.

६. काही क्षण शांतता मुद्रित करणे.

७. केलेले मुद्रण थांबवून हेडफोनवर पूर्ण ऐकणे.

शेवटची पायरी सर्वाधिक वेळा गाळली जाते. मापकाची पट्टी हलताना दिसली, म्हणजे आवाज ठीक येत आहे, असे गृहीत धरले जाते. परंतु सैल तारेची खरखर, विजेच्या ५० हर्ट्झ पुरवठ्याची गुणगुण किंवा भ्रमणध्वनीचा व्यत्यय यांनीही पट्टी हलते. मापक पातळी सांगतो, आवाज कोणाचा आहे, हे सांगत नाही.

प्रसारण क्षेत्रात यंत्रणांतील पातळी जुळवण्यासाठी मानवी आवाजाऐवजी १,००० हर्ट्झचा प्रमाणस्वर वापरला जातो. युरोपीय पद्धतीत तो −१८ आणि अमेरिकी पद्धतीत −२० डेसिबलवर ठेवण्याचा संकेत आहे. यातून यंत्रे परस्परांशी जुळतात. बोलणाऱ्याची चाचणी त्यानंतर वेगळी घ्यावीच लागते.

## सार्वजनिक जीवनात

चाचणीच्या वेळी ध्वनिक्षेपक चालूच असतो, याचा विसर पडल्याची उदाहरणे प्रसिद्ध आहेत. ११ ऑगस्ट १९८४ रोजी अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रीगन यांनी साप्ताहिक नभोवाणी भाषणापूर्वीच्या चाचणीत अंक मोजण्याऐवजी, रशियावर पाच मिनिटांत बॉम्बवर्षाव सुरू होणार असल्याची घोषणा विनोदाने केली. ते शब्द थेट प्रसारित झाले नाहीत, परंतु त्यांची वार्ता बाहेर पडली आणि सोव्हिएत संघाने तीव्र निषेध नोंदवला.

२०११ मध्ये न्यूयॉर्क येथील ‘ऑक्युपाय वॉल स्ट्रीट’ आंदोलनात विद्युत ध्वनिवर्धकास मनाई असल्यामुळे वक्ता ‘माइक चेक’ अशी हाक देई. जमाव ते शब्द एकमुखाने उच्चारी आणि पुढे वक्त्याचे प्रत्येक वाक्य मागील रांगांपर्यंत पोहोचवी. या पद्धतीस ‘मानवी ध्वनिक्षेपक’ म्हटले गेले. येथे यंत्र नव्हते, तरी चाचणी होती. ऐकणारे ऐकत आहेत का, हे बोलण्यापूर्वी जाणून घेणे हा तिचा मूळ हेतू त्यात टिकून राहिला.

## हेही पाहा

- ध्वनिमुद्रण
- ध्वनिवर्धक
- डेसिबल
- तानपुरा
- ऑडॅसिटी
- ओवी